हौस, गुडघा आणि विश्रांति

आमच्या सुशिक्षित घरांतून आजारी माणसाविषयीं जी माया दिसते तिच्या खरेपणाबद्दल आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती तिच्या विवेकाबद्दल. घरांतील वडील माणसाचा झिजलेला सांधा काढून त्या जागीं धातूचा सांधा बसविला, कीं शस्त्रक्रिया पायावर झाली आहे ही गोष्ट चार दिवसांत सर्वांच्या विस्मरणांत जाते, आणि ती डोक्यावरच झाली असावी अशा समजुतीनें सारें कुटुंब त्या बिचाऱ्याशीं वागूं लागतें. बँकेचा कागद आला तर तो परस्पर मुलाकडे जातो. घरांत कांहीं वाद निघाला तर 'त्यांच्यापुढें नको' म्हणून तो स्वयंपाकघरांत नेऊन मिटविला जातो. भेटीस आलेले लोक आजाऱ्याची प्रकृति आजाऱ्यास न विचारतां त्याच्या उशाशीं उभ्या असलेल्या सुनेस विचारतात, आणि 'आतां फक्त आराम करा' असें सांगून, शहाळें ठेवून निघून जातात. या 'आराम' अथवा 'विश्रांति' नांवाच्या शब्दानें आमच्या वडीलधाऱ्या मंडळींचें जितकें नुकसान केलें आहे तितकें संधिवातानेंहि केलें नसेल, असें आमचें मत आहे, आणि तें आज सप्रमाण मांडण्याचा विचार आहे.

हा वाद केवळ तात्त्विक असता तर आम्ही त्यांत पडलों नसतों. परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचा उजवा गुडघा बदलण्यांत आला, आणि पांचव्या दिवशीं आम्ही घरीं परत येऊन पाहतों तों ज्या टेबलावर गेलीं पंचवीस वर्षें आमचें बिनतारी यंत्र मांडलेलें असे तें टेबलच नाहींसें झालेलें! त्या जागीं भाड्यानें आणलेली लोखंडी खाट उभी होती. यंत्र जुन्या चादरींत गुंडाळून माळ्यावर गेलें होतें. मोर्सची कळ कोठें आहे हें कोणासच सांगतां येईना. आणि गच्चीवरील तारेची हकीकत तर निराळीच, ती पुढें येईल. "बाबा, सहा आठवडे आता काही नको हं. नुसतं पडून राहायचं," असें सूनबाई म्हणाली. म्हणतांना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून आम्ही गप्प बसलों. त्यास आतां तीन महिने झाले. गुडघा वांकूं लागला आहे, तेव्हां गप्प बसण्यास कांहीं कारण उरलेलें नाहीं.

ज्या वाचकांस या हौसेची ओळख नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा करणें जरूर आहे. हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी ऐकणें नव्हे. विद्युच्छास्त्राची व नियमांची परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळविलेला कोणीहि मनुष्य आपल्या घरीं लहानसें प्रेषणयंत्र ठेवूं शकतो, आणि जगांतील तशाच परवानेवाल्यांशीं तोंडानें किंवा मोर्सच्या कट्ट-कडानें बोलूं शकतो. प्रत्येकास एक हाकेचें नांव मिळतें. आपल्या देशांतील नांवांचा आरंभ 'व्ही. यू.' या अक्षरांनीं होतो. या बोलण्यांत पैशाचा व्यवहार चालत नाहीं, व्यापार चालत नाहीं, गुप्त लिपि चालत नाहीं. ज्या उद्योगांतून एक पैहि मिळवावयाची नाहीं असा नियमच आहे, असा उद्योग आमच्या व्यवहारी समाजांस संशयास्पद वाटावा यांत नवल नाहीं.

आतां विश्रांतीकडे वळूं. ज्या वैद्यकशास्त्राच्या नांवानें ती आमच्यावर लादली जाते तें शास्त्र स्वतः काय म्हणतें? इंग्लंडांत रायटिंग्टन येथील रुग्णालयांत जॉन चार्नली यांनीं १९६२ सालीं धातूचा गोळा व दाट पॉलिथिलीनची वाटी असा कृत्रिम खुबा बसविण्याची रीत सिद्ध केली. गुडघ्यास त्याचें आजचें रूप १९७० नंतरच्या दशकांत आलें. प्रारंभींच्या काळांत अशा रोग्यास दिवसचे दिवस खाटेवर निजवून ठेवीत. आज तसें कोणी करीत नाहीं. आज त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, चौपायी कुबडीच्या आधारानें त्यास उभा करितात. कारण पडून राहिलें तर पोटरीच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचें भय असतें, मांडीचा स्नायु वाळतो, आणि नवा सांधा जुन्यापेक्षांहि ताठ होऊन बसतो. आमच्याकडे जो व्यायामतज्ज्ञ तरुण येत असे तो कोनमापक घेऊन येई, आणि गुडघा नव्वद अंशांपर्यंत वांकेपर्यंत आमच्या कपाळावर घाम आणी. शास्त्र म्हणतें ऊठ, आणि घर म्हणतें नीज. आणि दोघांचाहि दावा आमच्या हिताचाच! व्यायामाचा तास संपला कीं उरलेल्या तेरा-चौदा तासांचें काय करावें, याचें उत्तर मात्र शल्यवैद्याच्या कागदावर छापलेलें नसतें. तेथेंच घरचें राज्य सुरू होतें.

त्या तेरा-चौदा तासांची घरांनीं लावलेली सोय सर्वांस परिचित आहे. खाटेसमोर दूरदर्शनचा पडदा, उशाशीं मोबाइल. पडद्यावर एकाच कुटुंबांतील बायका एकमेकींविरुद्ध वर्षानुवर्षें कट करीत असतात, आणि बातम्यांच्या वेळीं पुरुष एकमेकांवर ओरडत असतात; मोबाइलवर सकाळीं सूर्योदयाचीं चित्रें, दुपारीं कोणत्या तरी पाल्याच्या रसानें झिजलेला गुडघा पुन्हां भरून आल्याच्या कथा, आणि रात्रीं त्याच चित्रांची दुसरी आवृत्ति. यास करमणूक म्हणतात. ती आहे कीं नाहीं हा रुचीचा प्रश्न आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. या साऱ्या व्यवहारांत आजाऱ्याकडे एकच काम उरतें, आणि तें म्हणजे घेणें. तो औषध घेतो, दूध घेतो, सहानुभूति घेतो, मालिका घेतो. त्याच्याकडून कोणास कांहीं मिळावयाचें आहे अशी अपेक्षाच कोणी करीत नाहीं. मालिका त्याच्यावांचून चालते, घर त्याच्यावांचून चालतें, आणि सर्व कांहीं आपल्यावांचून सुरळीत चालतें हें ज्यास खाटेवर पडल्या पडल्या रोज पाहावें लागतें त्याच्या गुडघ्याचा कोन वाढला तरी उठण्याची इच्छा वाढत नाहीं.

"पण बोलायचंच आहे तर फोन आहे ना?" असा प्रश्न आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं केला. हे गृहस्थ अभियंते आहेत, म्हणून वाईट अधिक वाटलें. फोननें आपण ज्यास ओळखतों त्यास गांठतों, बिनतारीवर 'सी. क्यू.' अशी मोकळी हाक टाकावयाची असते, आणि तिला कोठून कोण उत्तर देईल हें ब्रह्मदेवासहि ठाऊक नसतें. फोनवरील मनुष्य आमच्या गुडघ्याची चौकशी करण्यास बांधलेला असतो. बिनतारीवरील मनुष्यास आम्हांस गुडघा आहे हेंच ठाऊक नसतें, आणि यासारखें दुसरें औषध आमच्या अनुभवांत नाहीं.

शिवाय फोनचा शब्द कोणा कंपनीच्या मनोऱ्यांतून व समुद्रतळींच्या तारांतून वाहून नेला जातो, त्यांत आमचें कर्तृत्व पैसे भरण्यापुरतें. आमचा बिनतारी शब्द आमच्या तारेवरून निघाला कीं मध्यें कोणी दलाल नाहीं. दोन-तीनशें किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेला हवेचा जो थर आहे त्यावरून तो मागें फिरतो आणि समुद्रापलीकडे उतरतो. हा भारित प्रदेश खरोखरच आहे हें इंग्लंडांत ॲपल्टन यांनीं १९२४ सालीं प्रयोगानें दाखविलें; आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र व त्यांचे शिष्य यांनीं त्याच्याच अभ्यासांत आयुष्यें घालविलीं. दिवसां खालचा एक थर ४० मीटरच्या लहरी गिळून टाकतो, म्हणून त्या वेळीं चार-पांचशें किलोमीटरचा शेजार तेवढा ऐकूं येतो. सूर्य मावळला कीं तो थर विरतो, आणि जो आवाज दुपारीं सोलापूरपलीकडे जात नव्हता तो रात्रीं युरोपांत पोंचतो. सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें वाढतात व घटतात, आणि त्यांबरोबर दूरच्या लहरींचा बाजारहि चढतो व उतरतो. अगदीं अलीकडची चढती २०२४ च्या सुमारास झाली. तेव्हां हा उद्योग करणाऱ्यास सूर्य कोठें आहे, जपानांत किती वाजले, इटलींत अंधार पडला कीं नाहीं, याचा विचार सतत बाळगावा लागतो. खिडकीच्या चौकटींत दिसणारा आकाशाचा तुकडा ज्यास एरवीं फक्त वेळ जात नसल्याची साक्ष देतो, त्यास तोच तुकडा कामाचा विषय होतो. आमच्या अभियंत्या स्नेह्यांनीं हें सर्व ऐकून घेतलें, आणि जातांना "तरीपण आराम करा" असें म्हणाले.

गुडघा बदललेल्या माणसाची खरी परीक्षा रात्रीं असते, हें आम्हांस कोणी आधीं सांगितलें नव्हतें. दिवसां दुखणें माणसांत वांटलें जातें. रात्रीं तें सगळें आपलें. या कुशीवर निजवत नाहीं, त्या कुशीवर उशीशिवाय जमत नाहीं, आणि दोन वाजतां डोळे टक्क उघडे. तिसऱ्या आठवड्यांत नातवानें आजीच्या संमतीनें व आईच्या नकळत यंत्र माळ्यावरून उतरविलें, कळ बटाट्यांच्या टोपलीखालीं सांपडली, आणि वीसेक मीटर बारीक तार त्यानें छताच्या कडेकडेनें दोन खोल्यांतून फिरवून दिली. शक्ति फक्त पांच वॅट. म्हणजे रात्रींच्या लहान दिव्याएवढी. कानाला श्रवणी लावली कीं घरांत कोणाची झोंप मोडत नाहीं. अशा एका रात्रीं अडीचच्या सुमारास, म्हणजे मध्य युरोपांत थंडीच्या दिवसांत दहा वाजतात त्या वेळीं, आमच्या क्षीण हाकेस इटलींतून उत्तर आलें. उत्तर जलद होतें, आणि आमचा हात बरेच दिवसांनीं कळीवर पडला होता. आम्हीं 'क्यू. आर. एस.' असें पाठविलें. जगभरच्या तारवाल्यांत याचा अर्थ 'जरा हळू पाठवा' असा आहे, आणि यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. तो लगेच हळू झाला. घरांत तीन आठवडे सर्वजण आमच्याशीं हळू बोलत होते, त्याचा आम्हांस संताप येई. येथें आम्हीं स्वतः मागितलें आणि समोरच्यानें दिलें, त्यांत अपमान नव्हता. या दोन हळूपणांतील भेद ज्यास कळला त्यास आमचा सारा लेख कळला.

पुढें त्यानें सांगितलें, कीं आपलें वय अठ्याहत्तर आहे, वाऱ्यानें आपल्या घरावरची तार एका बाजूनें सुटली आहे, आणि सकाळीं शिडी लावून आपण ती बांधणार आहों. आम्हीं कळीवर होता तेवढा जोर एकवटून कळविलें, कीं कृपा करून शिडी चढूं नका, शेजारचा एखादा तरुण चढवा. त्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं; मग 'ठीक' असें आलें, आणि शेवटीं नेहमींचे '७३' म्हणजे नमस्कार. त्यानें ऐकलें कीं नाहीं, देव जाणे. परंतु रुग्णालयांतून आल्यापासून त्या रात्रीं प्रथमच आम्हीं दुसऱ्या कोणाची तरी काळजी केली, आणि ती करीत असतां स्वतःचा पाय कोणत्या कुशीवर आहे याचें भान आम्हांस उरलें नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, कीं ही सगळी हौस झाली. होय, हौसच! या शब्दाकडे नाक मुरडून पाहण्याची आमच्या लोकांस फार संवय आहे. ज्याचा पगार मिळत नाहीं तें काम नव्हे अशी त्यांची व्याख्या. बिनतारीच्या इतिहासांत मात्र या व्याख्येची चांगलीच फजिती झालेली आहे. अमेरिकेंत १९१२ च्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांस व आरमारास लांब लहरी दिल्या, आणि हौशी लोकांस २०० मीटरांखालीं ढकललें. कारण त्या आंखूड लहरी दूरच्या पल्ल्यास निरुपयोगी असें तज्ज्ञांचें मत होतें. या टाकाऊ वांट्यांत हे बिनपगारी लोक चिकाटीनें चाचपडत राहिले. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्समधील नीसच्या लेओं दलॉय यांनीं अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांच्याशीं सुमारें १०० मीटरच्या लहरींवर अटलांटिक ओलांडून संभाषण केलें. आणि १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं न्यूझीलंडच्या एका मेंढपाळ मळ्यांतून फ्रँक बेल यांनीं लंडनजवळच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशीं, म्हणजे जवळ जवळ पृथ्वीच्या पलीकडच्या टोंकाशीं, संभाषण केलें. तेव्हां कोठें तज्ज्ञांचे डोळे उघडले, आणि टाकलेला वांटा परत मागण्यासाठीं कंपन्यांची व सरकारांची रीघ लागली.

आपल्या मुंबईचेंहि उदाहरण पाहावें. १९२७ च्या २३ जुलैस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र थाटानें उघडलें, तें सर्वांस माहीत असतें. पण त्यापूर्वीं चार वर्षें, १९२३ सालीं, रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनीं याच शहरांतून कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले होते, तें फारसें कोणी सांगत नाहीं. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी परवाने रद्द केले. तरीहि १९४२ च्या ऑगस्टांत उषा मेहता व त्यांचे सोबती यांनीं मुंबईंत गुप्तपणें जें काँग्रेस रेडिओ केंद्र चालविलें आणि १२ नोव्हेंबरास अटक होईपर्यंत जागा बदलून बदलून जिवंत ठेवलें, त्याचें यंत्र नरीमन प्रिंटर या मुंबईच्या बिनतारी जाणकारानें जुळविलें होतें. 'ही हौस कशाला?' असें त्यास कोणी बजावलें असतें, आणि त्यानें तें ऐकलें असतें, तर त्या दिवसांत देशाची बातमी कोणत्या तोंडानें बाहेर पडली असती?

फार मागें जावयास नको. २००४ च्या डिसेंबरांत श्रीमती भारती प्रसाद व त्यांची हौशी मंडळी केवळ दूरदूरच्या लोकांशीं गप्पा मारण्याच्या हौसेनें पोर्ट ब्लेअर येथें यंत्रें घेऊन गेलीं होतीं. २६ तारखेस समुद्र चढून आला, तारा व फोन बंद पडले, आणि अंदमानांतील माणसांची खुशाली मुख्य भूमीस कळविण्याचें काम त्या गप्पांच्या यंत्रांनीं केलें. जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांतहि हौशी तारवाले धांवून गेले होते. ज्या दिवशीं मनोरे पडतात त्या दिवशीं आमच्या अभियंत्या स्नेह्यांचा फोन कोणाशीं बोलणार, हें त्यांनींच आम्हांस सांगावें.

इतकें म्हटल्यावर आमच्या पक्षाची लंगडी बाजूहि सांगितली पाहिजे. लंगडेपणा लपविण्याच्या स्थितींत सध्यां आम्ही नाहीं. चौथ्या आठवड्यांत जपानच्या नादीं लागून आम्ही पाय खालीं सोडून सलग दोन तास बसलों, आणि संध्याकाळीं पोटरी अशी सुजली कीं व्यायामतज्ज्ञानें आम्हांस नातवासमोर बोल लावला. तो बोल आम्ही सव्याज स्वीकारतों. तेव्हांपासून स्वयंपाकघरांतील शिट्टीचें घड्याळ शेजारीं असतें. अर्धा तास झाला कीं उठावयाचें, खोलींत दोन फेऱ्या घालावयाच्या, मग बसावयाचें. पहिल्या आठवड्यांत तीव्र वेदनाशामकांनीं डोकें जड असतां विजेच्या यंत्रास हात लावणें हा मूर्खपणा होय, आणि तार बांधण्यासाठीं गच्चीवर चढणें हा त्याहून मोठा. परंतु गुडघ्याखालीं पंचाची गुंडाळी ठेवून ती दाबून धरण्याचा जो व्यायाम असतो तो ऐकतां ऐकतां उत्तम होतो. आम्ही तो मोर्सच्या ठेक्यावर करितों, कट्टाला थोडा दाब, कडाला लांब. आणि व्यायामतज्ज्ञाच्या दहा मोजण्यांपेक्षां आमचें एखादें लांबलचक हाकेचें नांव स्नायूस अधिक महाग पडतें, हें त्यानें कोनमापक लावून मान्य केलें आहे.

आतां गच्चीची हकीकत. आमची वीस मीटरांची तार गच्चीवरील दोन बांबूंमध्यें अनेक वर्षें निरुपद्रवीपणें लटकत होती. आम्ही रुग्णालयांत असतां आमच्या गृहनिर्माण संस्थेनें गळतीचें काम काढलें, आणि त्या निमित्तानें ती कापून, वेटोळें करून, पहारेकऱ्याच्या खोलींत ठेविली. काम संपलें, तार परत चढली नाहीं. आम्हीं नातवाकरवीं विचारणा केली तेव्हां चिटणिसांनीं चार आक्षेप कळविले: इमारतीस शोभत नाहीं, वीज पडेल, शेजाऱ्यांच्या पडद्यावर मुंग्या येतील, आणि किरणोत्सर्ग होईल. विजेचा आक्षेप आम्ही गंभीरपणें घेतों. उंचावरील धातूच्या तारेस भूमीशीं नीट जोड हवा आणि गडगडाटांत ती यंत्रापासून सोडविली पाहिजे, हें पहिल्या परीक्षेंतच शिकवितात, आणि आमच्या तारेस तो जोड होता. तोहि कापलेला आम्हांस वेटोळ्यांत सांपडला. मुंग्यांची तक्रार एकाहि शेजाऱ्यानें आजवर लेखी वा तोंडी केलेली नाहीं. आली तर यंत्रास गाळणी लावून तिचें निवारण करणें हें आमचेंच काम आहे. राहिला किरणोत्सर्ग. लहरी ह्या क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हत. फार जवळ व फार शक्तीनें असतां त्या ऊब आणतात एवढेंच, आणि आमचें यंत्र पुऱ्या जोरानें चालविलें तरी शंभर वॅटांवर जात नाहीं.

पण या चारहि आक्षेपांस उत्तर देणें व्यर्थ आहे असें आम्हांस वाटतें. कारण ज्या गच्चीवर आमची दाभणासारखी बारीक तार अशोभनीय ठरली त्याच गच्चीवर, बांबूंपासून बारा पावलांवर, मोबाइल कंपनीचा लोखंडी मनोरा उभा आहे. तो रात्रंदिवस लहरी सोडतो, त्याच्यावर वीज पडूं शकते, आणि त्याच्या शोभेविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. त्याचें भाडें मिळतें. आमच्या तारेचें मिळत नाहीं, आणि नियमानें आम्हांस तिच्यावर एक पैहि मिळवितां येत नाहीं. हौस आणि धंदा यांत आमचा सुशिक्षित समाज कसा निवाडा करितो, याचें याहून स्पष्ट चित्र हवें असेल त्यानें आमच्या गच्चीवर यावें. उद्वाहक सहाव्या मजल्यापर्यंत आहे, पुढें एक जिना चढावा लागतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती बोलतांना आम्ही स्वतःहि आरोपीच्या पिंजऱ्यांत आहों. गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक असते. म्हणजे या 'विश्रांती'चे मोठे बळी आमच्या बहिणी, वहिनी आणि आज्या. आमच्यासारख्या पुरुषाचें टेबल काढून घेतलें तर तो निदान मासिकांत लेख लिहितो. तिचें कांहीं काढूनच घेतां येत नाहीं, कारण चाळीस वर्षें स्वयंपाकघर एवढेंच तिचें यंत्र, आणि सहा आठवडे तेंहि बंद. तिला जपमाळ देतात, मालिका लावून देतात, आणि 'आता तुमचं काय, देवाचं नाव घ्या' असें सांगतात. देवाचें नांव अवश्य घ्यावें. पण ज्या बाईनें लग्नापूर्वीं शास्त्राची पदवी घेतली तिच्या हातीं एखादें परीक्षेचें पुस्तक द्यावें हें कोणाच्याहि डोक्यांत येत नाहीं. आमच्या स्वतःच्या डोक्यांतहि आलें नव्हतें. यंत्र माळ्यावरून उतरलें त्या आठवड्यांत नातू आजीला मोर्स शिकवूं लागला तेव्हां आम्ही हंसलों. आज तिला आमच्यापेक्षां लवकर अक्षर कळतें, कारण पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची पेटी तिनें लहानपणीं शिकलेली आहे आणि मोर्स हा डोळ्यांचा विषय नसून कानांचा आहे. ती परीक्षेस बसणार आहे. सूनबाईनें हें ऐकून आम्हांस विचारलें, "बाबा, ह्या वयात?" आम्हीं तो प्रश्न तिच्या सासूकडे पाठविला, आणि जें उत्तर तिला मिळालें तें येथें छापण्याजोगें नाहीं.

संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढें आमचा अर्ज ठेविला आहे. सोबत परवान्याची प्रत, भूमिजोडाचा नकाशा व तारेचा नमुना जोडला आहे. तार किती बारीक असते हें बोटानें पाहतां यावें म्हणून. सभेस आम्ही काठीनें चालत जाणार आहों. तोंपर्यंत दोन खोल्यांच्या छताखालची तार आहेच, आणि रात्रीं सुमारें अडीच वाजतां इटलीचा तो गृहस्थ पुन्हां कानीं येतो कीं काय, हें आम्ही रोज ऐकत असतों. अजून आलेला नाहीं.